व्याह्यांचा ऑक्सिजन

माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते ऑक्सिजनपायी. लोकांची लग्नं मानपानावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात, कुणाच्या तरी मामाला जिलेबी वाढायची राहिली म्हणूनही मोडतात. आमच्यात ऑक्सिजन आडवा आला. तोही साधा, नाकातोंडातला असता तर समजू शकले असते. हा सत्तर कोटी किलोमीटरवरच्या एका चंद्रावरचा, जिथे आमच्या सात पिढ्यांत कुणी गेलं नाही आणि पुढच्या सातांत कुणी जाईल असं वाटत नाही.

मी इरावती जगदाळे, मिरजेची. माझे बाबा डॉ. हेमंत जगदाळे, मिरजेबाहेर माळावर जी प्रयोगशाळा आहे तिचे प्रमुख. मीही तिथेच त्यांच्या हाताखाली काम करते. म्हणजे घरी ‘चहा झाला का’ आणि तिथे ‘पंप लागला का’, एवढाच फरक. माझे होणारे सासरे डॉ. प्रशांत धोटे नागपूरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. दोघं एकच गोष्ट मोजायचे आणि बारा वर्षं दोघांचे आकडे जुळत नव्हते. धोटेकाकांचा आकडा बाबांच्या आकड्याच्या दुप्पट यायचा.

काय मोजायचे ते सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. ऑक्सिजनचा रेणू म्हणजे दोन अणूंचं जोडपं. त्यावर वेगात इलेक्ट्रॉन आदळला की जोडपं फुटतं, आणि कधीकधी त्यातला एक अणू तणतणत बाहेर पडतो. थोड्या वेळाने तो शांत होतो आणि शांत होताना अंगातली जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने फेकून देतो. हा प्रकाश जांभळ्याच्याही खूप पलीकडचा, अतिनील. डोळ्यांना तो दिसत नाहीच, शिवाय हवा त्याला वीतभरही पुढे जाऊ देत नाही, गिळून टाकते. म्हणून सगळा कारभार निर्वातात करायचा. आमच्याकडे त्यासाठी पोलादाचं पुरुषभर उंचीचं पात्र आहे. सगळे त्याला रांजण म्हणतात. त्यातली हवा पंपांनी ओढून काढायची, ऑक्सिजनची बारीकशी धार सोडायची, तिच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारायचा आणि किती टकरींमागे किती प्रकाश निघाला ते मोजत बसायचं.

रांजण एवढा मोठा का, तर या तणतणणाऱ्या अणूंचे दोन स्वभाव असतात. एक लगेच मोकळा होतो. दुसरा मनात धरून ठेवतो. फार नाही, सेकंदाचे पाच हजार भाग केले तर त्यातला एखादा भाग. पण तेवढ्यात तो हातभर लांब पोचलेला असतो. पात्र लहान असलं तर तो भिंतीवर आपटतो आणि त्याचा प्रकाश मोजायला मिळतच नाही. आई म्हणते, पहिला स्वभाव तुझ्या बाबांचा आणि दुसरा माझा.

आता चंद्राचं. गुरूला युरोपा नावाचा बर्फाळ चंद्र आहे. त्याच्याभोवती ऑक्सिजनची अगदी विरळ हवा आहे, आणि गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन तिला सतत ठोकत असतात. आमच्या रांजणात जे चालतं ते तिथे आपोआप चाललेलं असतं. आपलं यान आठ वर्षं प्रवास करून तिथे पोचलं होतं आणि त्याला तो अतिनील उजेड दिसतही होता. पण उजेडावरून ऑक्सिजन किती आहे हे काढायचं, तर एका टकरीमागे उजेड किती निघतो हे ठाऊक हवं. बाबा म्हणत, थोडाच निघतो. तरी एवढा दिसतोय, म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे. धोटेकाका म्हणत, दुप्पट निघतो. म्हणजे ऑक्सिजन निम्माच. भरपूर असेल तर यानाने खाली उतरायचं, बर्फात मुरलेला ऑक्सिजन काढून त्याच्यावर इंजिन पेटवायचं आणि नमुने घेऊन परत उडायचं. निम्मा असेल तर उतरायचं नाव काढायचं नाही, कारण उतरलेलं यान तिथेच कायमचं बसून राहिलं असतं.

माझं आणि मल्हारचं जमलं तेही या भांडणाच्या कृपेने. पुण्याच्या परिषदेत आमचे बाप माईक सोडून ओरडत होते आणि मी लाजेने बाहेर येऊन चहा घेत होते. शेजारी एक उंच मुलगा उभा होता.

“आत कशावरून चाललंय?” त्याने विचारलं.

“ऑक्सिजनवरून.”

“त्यातले जाड आवाजाचे माझे बाबा. मी फक्त त्यांना गाडीतून आणलंय. मी गुरांचा डॉक्टर आहे,” तो घाईने म्हणाला, जणू माझा काही संबंध नाही, मला सोडा. मला तो तिथेच आवडला.

लग्नाच्या बैठकीत आईने आणि मल्हारच्या आईने मिळून एकच अट घातली. अक्षता पडेपर्यंत दोघांनी ऑक्सिजनचा विषय काढायचा नाही. दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पोहे यायच्या आत धोटेकाका म्हणाले, “पण एक सांगू का जगदाळे, तुमची ताटली म्हातारी झाली आहे. मान्य काऊन नाही करून राहिले तुम्ही?”

ताटली म्हणजे काय तेही सांगून टाकते. आमच्या मोजयंत्राला तो अतिनील उजेड थेट दिसत नाही. म्हणून काचेच्या एका चकतीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर द्यायचा. ती पूड अतिनील उजेड पिते आणि त्याच्या बदल्यात साधा निळसर उजेड देते. यंत्र तो मोजतं. बाबांची ताटली त्यांचे गुरू वैद्यसर यांनी स्वतःच्या हाताने पूड लावून दिलेली होती. सर वारले, ताटली राहिली. ती थकली असेल असं म्हणणं म्हणजे बाबांच्या लेखी सरांचं तेरावं पुन्हा घालणं होतं.

“माझी ताटली ठणठणीत आहे,” बाबा म्हणाले. “तुमच्या ताटलीलाच जरा जास्त चेव येतोय बघा.”

आईने पोह्यांची बशी दोघांच्या मधोमध आपटून ठेवली. गुरुजी मात्र पंचांग बघून म्हणाले, मुलीला गुरुबळ उत्तम आहे. त्यांना काय ठाऊक, गुरूच आमच्या मुळावर उठला होता.

कारण लग्नाच्या आठवड्यातच मोहिमेच्या कार्यालयातून फोन आला. यानाला वाट बदलायची तर त्याला एकच दिवस होता, आणि तो नेमका माझ्या लग्नाचा. त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत दोघांनी सही केलेला एकच आकडा हवा होता. आकडा आला नाही तर आधीच्या बेताप्रमाणे यान खाली उतरणार होतं. ग्रह काही आमच्या मंगल कार्यालयाची तारीख बघून फिरत नाहीत.

मग ठरलं असं, की नागपूरकर वऱ्हाड हळदीच्या दिवशी येणारच आहे, तर धोटेकाकांनी आपली ताटली बरोबर आणायची. दोन्ही ताटल्या आमच्याच रांजणावर आळीपाळीने लावून बघायच्या. काकांनी ती स्टीलच्या डब्यात, पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरून आणली. सासूबाई म्हणाल्या, “सुनेचे दागिने मागे डिकीत टाकले जी यांनी.”

हळद झाली. आधी मल्हारला लागली, मग त्याची उष्टी हळद खालच्या मजल्यावर माझ्याकडे आली. इथवर सगळं रीतसर होतं. पण हल्ली कार्यालयवाले हळद-तोफ नावाचं एक यंत्र देतात. ते कोरडी हळद पंख्याने उडवतं. भावंडांनी ते चालू केलं आणि पाच मिनिटांत सगळा मांडव, सगळे पाहुणे आणि पोळ्यांची परातसुद्धा पिवळीधमक झाली. बाबा आणि धोटेकाका त्या वेळी नुकतेच फेटे बांधून बसले होते. कोल्हापूरहून खास बोलावलेल्या फेटेवाल्याने बांधलेले, एकेका घडीत बोट जाईल असे झोकदार फेटे.

दुपारी दोघं प्रयोगशाळेकडे निघाले. मी लगेच चप्पल घातली, तर आत्याने दंड धरला.

“अगं बाई! हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडते होय? कुठं निघालीस?”

“आत्या, मोजणी मी करते रोज.”

“आजच्या दिवस गुरू-शुक्र काय ते त्यांचं ते बघतील. तू बस.”

मी बसले. ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. त्या खोलीचे नियम मी पाळायला लावते: हातमोजे, झगा, डोक्यावर टोपी. मी बाबांना फोन करून तिन्ही विचारलं.

“हातमोजे? झगा?”

“हायत की.”

“डोक्यावर?”

“झाकलंय सगळं डोकं! आम्ही काय पोरं आहोत काय?”

संध्याकाळी दोघं परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. आईच्या हातातला तांब्याच पडला. दोन्ही ताटल्यांचा आकडा एकच आला होता! ना बाबांचा जुना, ना काकांचा जुना. बरोबर दोघांच्या मधला. त्या हिशोबाने युरोपावर ऑक्सिजन जेमतेम पुरेसा होता. म्हणजे यान उतरू शकत होतं. कागदावर सही उद्या सकाळी मांडवात करायची, फोटोसकट, असं व्याह्यांनी ठरवूनही टाकलं. मी इतकी खूश झाले की मला रडूच आलं. बारा वर्षांचं भांडण माझ्या हळदीच्या दिवशी मिटलं, याहून मोठा आहेर कुठला मिळणार होता?

मग संगीत सुरू झालं. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे मोठे दिवे गेले आणि जांभळे, अतिनील दिवे लागले. सगळीकडून ‘आई गं!’ असा आवाज आला. लोकांचे गाल, हात, माना हिरवट पिवळ्या उजेडाने पेटल्या होत्या. हळदीचा गुणच तो. ती अतिनील उजेड पिते आणि हिरवट पिवळा देते. मीही हसत बघत होते. तेवढ्यात बाबा आणि धोटेकाका एकमेकांना पेढा भरवायला एकाच ताटावर वाकले, आणि दोघांच्या फेट्यांतून चमचमणारी भुकटी त्या पेढ्यांवर भुरभुर सांडली.

मी दोघांना गाठलं.

“बाबा, दुपारी टोपी घातली होती ना?”

“टोपी कशाला? फेटा होता की. टोपीत निम्मे केस बाहेर राहतात, फेट्यात एकसुद्धा नाही. धोटेसाहेबांनाही पटलं.”

“हाव ना,” धोटेकाका म्हणाले. “एवढा बांधला बावा, कोण सोडते?”

“आणि ताटल्या लावताना वाकून बघितल्या?”

“वाकून काय, नाक लावून बघितल्या! त्यांनी माझी, मी त्यांची.”

पुढचं माझं मलाच कळलं. ताटलीच्या खोलीत पिवळा दिवा असतो, कारण पांढऱ्या उजेडात ठेवली तर ती पूड नंतर कितीतरी वेळ स्वतःच मिणमिणत राहते. आणि पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या पुडीवरची हळद कुणाच्या बापाला दिसणार? काकांच्या ताज्या ताटलीवर हळद बसली, तिचा उजेड घटला. बाबांच्या थकलेल्या ताटलीवर हळद बसली, तिचा वाढला. दोन्ही ताटल्या आता पूड सोडून हळद मोजत होत्या, आणि हळद दोघांचीही एकाच तोफेतली होती. आकडे जुळणार नाहीत तर काय!

मी मल्हारला हाताला धरून आचाऱ्यांच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. तिथे बटाटेवड्यांचा घाणा चालला होता. त्याने आवाज खाली आणला.

“उद्या अक्षता पडल्यावर सांगितलं तर?”

“आकडा नऊला जातो, अक्षता साडेदहाला. यान उतरेल आणि तिथेच बसेल, मल्हार.”

“आणि आज सांगितलं तर ताटल्या पुन्हा धुऊन मोजायच्या. मग दोघांपैकी एक जण खोटा ठरणार.”

“हो. आणि मला भीती वाटते. खरंच वाटते. माझे बाबा खोटे ठरले तर ते मोडून पडतील, आणि तुझे ठरले तर ते वऱ्हाड घेऊन नागपूरला जातील.”

मल्हारने एक वडा उचलला, अर्धा मला दिला. “लोक म्हैस घेऊन येतात माझ्याकडे, गाभण आहे म्हणून आनंदात असतात. मी तपासतो, ती नसते. मला रोज सांगावं लागतं. शिव्या खातो, पण म्हशीच्या पोटात नसलेलं रेडकू मी गप्प बसल्याने येत नाही ना. सांग तू. लग्न राहिलं तर पुढच्या मुहूर्तावर करू. मी काही वळून दुसऱ्या चंद्राकडे जात नाही.”

मला त्या क्षणी त्याच्याशी लगेच तिथेच, कढईच्या साक्षीने लग्न करावंसं वाटलं.

मांडवात परत आले तर बायकांनी घेरलं. नाव घ्या, नाव घ्या! बाबा आणि काका समोरच्या खुर्च्यांवर बसले होते, हातात हात घालून. दोघांना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर दोघांनी मिळून मला गप्प बसवलं असतं, एवढं मी त्यांना ओळखते. चारचौघांत सांगितलेलं परत घेता येत नाही. मी माईक घेतला.

“गुरूच्या चंद्रावर यान निघालं, आकडा आलाय चुकून,
मल्हाररावांचं नाव घेते, फेट्यांतली हळद मोजली ऑक्सिजन म्हणून!”

सवयीप्रमाणे सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आत्या तर ‘वाऽ!’ म्हणाली. मग हळूहळू टाळ्या थांबल्या, कारण समोरच्या दोन खुर्च्यांवरचे दोन फेटे एकदम उभे राहिले होते. बाबांनी डोक्याला हात लावला, हात डोळ्यांसमोर धरला. जांभळ्या दिव्यात तळवा हिरवागार पेटला होता.

“आयला,” बाबा म्हणाले.

अर्ध्या तासात आम्ही प्रयोगशाळेत होतो. या वेळी मी उंबरा ओलांडला, आणि आत्या काही बोलायच्या आत आईने तिचा दंड धरला. फेटे बाहेर बाकावर ठेवले, दोघांच्या डोक्यावर टोप्या मी स्वतः चढवल्या. आता पूड धुऊन दोन्ही काचांवर नवा थर द्यायला हवा होता. काकांची काच मी धुतली. बाबांची ताटली मी उचलायला गेले तर ते म्हणाले, “थांब. मी धुतो.” स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी वैद्यसरांची पूड हलकेच पुसून काढली. धोटेकाकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि त्याबद्दल मी त्यांना बरंच काही माफ केलं.

दोघांना बाहेर बसवून मी दोन्ही काचांवर नवा थर दिला आणि मोजणी केली. लगेच मोकळे होणारे अणू मोजले, मनात धरणारेही मोजले. दोन्ही ताटल्यांचा आकडा पुन्हा एकच आला. धोटेकाकांचा.

“मी तर म्हणूनच राहिलो होतो!” काका ओरडले आणि लगेच जीभ चावली. बाबांनी आपला फेटा काखेत मारला आणि चालत गाडीपर्यंत गेले.

सकाळी सनई लागली, मी शालू नेसून तयार झाले, आणि बाबांचा पत्ता नव्हता. ते रांजणापाशी जाऊन बसले होते. आतून कडी. सही करत नाही, कन्यादानाला येत नाही, मला कुणी काही विचारू नका. मांडवात एकच गोंधळ उडाला. वरपिता रुसला तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं. शाल द्यायची, नारळ द्यायचा, नवा सदरा द्यायचा, हातापाया पडायचं. वधूपिता रुसला तर काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी दोन पोथ्या चाळल्या आणि म्हणाले, “शास्त्रात अशी सोय नाही.”

शेवटी धोटेकाकांनीच बाबांसाठी आणलेली आहेराची शाल आणि नारळ उचलला. त्यांच्या मागोमाग मी शालूचा घोळ सावरत गाडीत बसले, आणि मल्हार मुंडावळ्यांसकट गाडी चालवायला. प्रयोगशाळेत काकांनी दार ठोठावलं.

“जगदाळे, उघडा जी. रुसायचा मान आमचा असते ना!”

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बाबा स्टुलावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “इरे, हरलो म्हणून नाही गं बसलो. बारा वर्षं शाळाशाळांतून सांगत फिरलो, युरोपावर ऑक्सिजन उदंड आहे म्हणून. पोरांनी चित्रं काढून पाठवली. यान उतरलंय, शेजारी मी उभा. आता त्यांना काय सांगू? माझा चंद्रच गेला बघ.”

मी त्यांच्या गुडघ्याशी बसले. शालू, मेकअप, सगळं विसरून रडले. “बाबा, मीच घालवला तो. पण यान तिथे अडकून पडलं असतं तर तुम्ही स्वतःला कधी माफ केलं असतंत?”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

धोटेकाकांनी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. “एक खरं सांगू का? माझं पात्र लहान आहे. तो मनात धरणारा अणू मला नागपुरात कधी दिसलाच नाही, भिंतीवर आपटून जाते. बारा वर्षं मी त्याचा आकडा अंदाजानं लावून राहिलो. अंदाज बरोबर निघाला, पण अंदाजच तो. काल तुमच्या रांजणात पहिल्यांदा खरा मोजला. तुमच्याशिवाय माझा आकडा म्हणजे नुसती बडबड आहे, जगदाळे. करा सही. पहिलं नाव तुमचं.”

पहिलं नाव म्हणजे साधी गोष्ट नव्हती. असा आकडा जगभर पहिल्या नावानेच ओळखला जातो, कायमचा. बाबांनी डोळे पुसले.

“नाही नाही, पहिलं नाव तुमचं. आम्ही मुलीकडचे.”

“असं कसं जी, रांजण तुमचा.”

“आकडा तुमचा!”

“बाबा, हा हुंडा झाला,” मी म्हणाले.

पण कोण ऐकतंय! बारा वर्षं एकमेकांना खाली ढकलायला भांडले, आता वर चढवायला भांडायला लागले. आवाज चढले. घड्याळाचा काटा नऊकडे सरकत होता आणि तिकडे यान उतरायच्या तयारीत होतं. माझा संताप मस्तकात गेला.

“पहिलं नाव माझं!”

दोघं माझ्याकडे वळले.

“हळद कुणी पकडली? मी. काल मोजणी कुणी केली? मी. तुम्ही दोघं बाहेर बाकावर फेटे झटकत बसला होता.”

धोटेकाकांनी हनुवटी खाजवली. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. “बरोबर आहे बावा! पहिलं नाव पोरीचं. मग अशी घाई काय आहे? मी कार्यालयात फोन लावतो, दोन तास मागून घेतो. अक्षता पडल्या की पाठवू. म्हणजे जगात नाव होईल... धोटे आकडा!”

बाबा स्टुलावरून उठले. मी त्यांना इतक्या वेगाने उठताना कधी पाहिलं नव्हतं. नारळ गडगडत रांजणाखाली गेला.

“पेन! पेन आण आधी! काय वो धोटे, अजून माझ्या घरची आहे ती!”

हल्ली स्क्रीनवरच्या सहीवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून कागद आणि शाई पुन्हा आली आहे. बाबांनी कागद रांजणाच्याच झाकणावर ठेवला, पहिल्या ओळीत ठसठशीत अक्षरांत ‘इरावती हेमंत जगदाळे’ लिहिलं, माझी सही घेतली, खाली आपली ठोकली आणि कागद व्याह्यांपुढे सरकवला. “करा सही. नऊला जाऊ दे, मिनिटभरसुद्धा उशीर नको.” काकांनी पुटपुटत सही केली.

मग बाबांनी फेटा डोक्यावर ठेवला, शाल खांद्यावर घेतली, आणि चला, मुहूर्त चुकेल, म्हणत आमच्या सगळ्यांच्या पुढे गाडीकडे निघाले. काका मागून म्हणत होते की साडेदहानंतरच्या सगळ्या शोधांवर धोटेच येणार आहे, तेव्हा फार उड्या मारू नका.

मल्हार दारातच थांबला होता. मुंडावळ्या बाजूला करत त्याने हळूच विचारलं, “तू आडनाव बदलणार आहेस?”

“छे! कधीच ठरलंय माझं.”

“मग या दोघांना सांगितलं का नाहीस?”

मी कागदावर फुंकर घालत होते. “थांब रे. आधी शाई वाळू दे.”